मोजणीबाहेरचे दुखणे

संधिवात हा उतारवयाचा सोबती, तो सोसण्यावाचून गत्यंतर नाही, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. त्यामुळेच समाजात हे विकार नेमके किती, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर गुडघेदुखीची नोंद होत नाही आणि रुग्णालयातील खाटांच्या हिशेबातही ती क्वचितच येते.

ती मोजायची तर दारोदार जाऊन विचारावे लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली सुरू केलेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाची पद्धत हीच होती. त्यानुसार पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. प्रशिक्षित स्वयंसेवक घरोघर गेले. दुखणे सांगणाऱ्यांची डॉक्टरांनी तपासणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ हून अधिक लोकांना, हाडे, सांधे वा स्नायूंची तक्रार होती. सांध्यांची झीज शेकडा सहाच्या आसपास आढळली. बऱ्याच जणांची वेदना तर कोणत्याही ठरावीक नावात बसणारी नव्हती. पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

सामान्यतः आमवात म्हटला जाणारा ऱ्हुमॅटॉइड संधिवात दोनशे प्रौढांत सुमारे एकाला होता. आकडा लहान दिसतो, परंतु खरी चिंता येथेच आहे. हा आजार पुष्कळदा ऐन कर्तेपणी, पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो आणि वेळीच औषधोपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे करतो. सकाळी तासभर न उघडणाऱ्या मुठीवर तेल चोळण्यात आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळीवर जे महिने जातात, ते परत मिळत नाहीत. मधुमेह, हृदयविकार व कर्करोग यांच्यासाठी २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, हे योग्यच झाले. मात्र जो विकार जीव घेत नाही, तो अशा यादीत मागे राहतो, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

बँकेच्या काउंटरवरही हे दुखणे उभे असते. बोटे सुजलेल्या खातेदाराची सही नमुन्याशी जुळत नाही आणि पैसे काढण्याचा फॉर्म परत येतो; कर्मचाऱ्याचाही त्यात दोष नसतो. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना घरपोच मूलभूत सेवा देण्यास सांगितले, ते केवळ सत्तरी ओलांडलेल्यांसाठी नव्हे. वैद्यकीय दाखला असलेल्या दीर्घ आजाराच्या व्यक्तींचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. चाळिशीतल्या आमवाताच्या रुग्णाने तो दाखला पुढे केला, तर त्याच्या वयाकडे पाहून आश्चर्य व्यक्त करण्याचे कारण नाही.