गिनतीतून सुटलेली मुले

आमच्या शाळेत दिवसातून कितीतरी वेळा गिनती होते. सकाळी पीटीला, वर्गात, मेसमध्ये आणि रात्री दिवे मालवण्यापूर्वी. एक कॅडेट कमी भरला, तर तो सापडेपर्यंत हाऊसमध्ये कोणी झोपत नाही. सहावीत आलो तेव्हा मला याचा कंटाळा यायचा. आता वाटते, असे मोजले जाणे प्रत्येक मुलाच्या नशिबी नसते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. गावच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारा मुलगा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता. दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी असायची. आईवडील ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जायचे, त्यांच्याबरोबर तोही. पाडव्याच्या सुमारास परत यायचा, तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असायचा. पाचवीत मी इथली प्रवेश परीक्षा दिली, ती जानेवारीत. त्या वेळी तो फडात होता.

इथल्या अनेक मित्रांना कोयता म्हणजे हत्यार एवढेच ठाऊक आहे. आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीलाही कोयता म्हणतात. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मजुरी टनावर मिळते, म्हणून मुलांचेही हात लागतात. वाढे गोळा करणे, मोळ्या वाहणे, कोपीवर धाकटे भावंड सांभाळणे ही त्यांची कामे. नाव मात्र कुठल्याच हजेरीत नाही.

कोणी म्हणेल, आईबापाला मदत केली तर बिघडले काय? सुट्टीत घरी गेलो की मीही कापूस वेचतो. पण शाळा सुरू झाली की मी परत येतो. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्यांना मदत करायची मुभा आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. जिथे शाळाच पाच महिने सुटते, तिथे ही मुभा कशी लावायची?

दोष कोणाचा म्हणून विचारले, तर प्रत्येकाकडे उत्तर तयार आहे. गावची शाळा म्हणते, मूल गावात नाही. कारखान्याजवळची शाळा म्हणते, मूल आमच्या पटावर नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, उचल आईबापांनी घेतली, मुलाने नाही. आणि आईबाप विचारतात, पोराला ठेवायचे कोणाजवळ?

म्हणून हे काम एकट्या कोणाचे नाही. गार्ड बदलताना जुना संत्री नव्याला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडत नाही. मुलाचाही तसाच चार्ज दिला पाहिजे. दसऱ्याला टोळ्या ठरतात, तेव्हाच मुख्याध्यापकांनी मुकादमाला बसवून मुलांची यादी करावी. ज्यांना आजी-आजोबा सांभाळू शकतात त्यांनी गावात राहावे. बाकीच्यांसाठी हंगामी वसतिगृह दिवाळीआधी उघडावे, नंतर नव्हे. जी मुले जातीलच, त्यांना शिक्षण हमी कार्ड देण्याची सोय आहे. पण कार्ड पिशवीत राहून उपयोग नाही. मूल पोहोचले का, हे गावच्या शाळेने तिकडच्या शाळेला फोन करून विचारावे. कारखाना उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन लिहून ठेवतो. कोणत्या टोळीबरोबर किती मुले आली, हेही त्याने लिहावे आणि जवळच्या शाळेला कळवावे.

गेल्या सुट्टीत माझा मित्र भेटला. तोही पंधरा वर्षांचा आहे आणि आता मोठ्यांच्या बरोबरीने ऊस तोडतो. त्याच्यासाठी आपल्याला उशीर झाला. त्याची धाकटी बहीण चौथीत आहे. दिवाळीनंतर तिची गिनती कोण घेणार, हे आत्ताच ठरवायला हवे.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी