पूर्वमुखी घर आणि पश्चिमेचं स्वयंपाकघर



आपल्या चंदगडात जुनी कौलारू घरं उतरवून नवे बंगले उभे राहताहेत. नकाशा ठरतो तो इंजिनिअर आणि घरातल्या पुरुषमंडळींच्या बैठकीत. आपल्याला विचारतात ते टाइल्सचा रंग. माझं मत असं की, रंगाआधी आपणच एक प्रश्न विचारावा: संध्याकाळी पाच वाजता स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन असणार का?

आपल्याकडे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकतं, म्हणजे गॅस पेटतो चार-पाचलाच. नेमकं तेव्हाच कलतं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर सरळ आदळत असतं. बाकीच्या घरांत सातनंतर, जरा गार झाल्यावर स्वयंपाकाला लागता येतं. आपल्याला ती सोय नाही. नियम आपला आहे, तो आनंदाने पाळू. पण त्यासाठी घरच्या बाईने भट्टीत उभं राहावं असं कुठे आहे?

गंमत अशी की, हे बहुतेक वेळा पूर्वमुखी घराच्या हौसेतून होतं. दार पूर्वेला, पुढे हॉल, मग खोल्या आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. मागे म्हणजे पश्चिमेला!

चंदगड पावसाचा तालुका, इथे कसला उन्हाळा, असंही कुणी म्हणेल. पण आपण साधारण 16 उत्तर अक्षांशावर राहतो. मे महिन्याच्या सुरुवातीला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सगळं ऊन छतावर पडतं. कौलांखाली माळा असायचा, फटींतून गरम हवा निघून जायची. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत सोडतो. मग एसी येतो, खिडक्या बंद होतात आणि बिल वाढतं. स्वयंपाकघरात एसी कुणी बसवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

असाच पेच मुंबईत चार्ल्स कोरिया यांच्यापुढे होता. कंबाला हिलवरची त्यांची 28 मजली ‘कांचनजंगा’ इमारत 1983 साली पूर्ण झाली. तिथे समुद्राचा वारा पश्चिमेकडून, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा आठवला आणि घरांना दोन मजले उंचीच्या, आत खोल गेलेल्या बागेच्या गच्च्या दिल्या. वारा आत आला, ऊनपाऊस गच्चीवरच थांबला. म्हणजे आपल्या सोप्याचंच, पडवीचंच काम. आणि आपण मात्र सोपा पाडून तिथे काचेच्या सरकत्या खिडक्या लावतोय!

मग करावं काय? पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली ठेवावी. स्वयंपाकघर आग्नेयेला घ्यावं. वास्तुशास्त्र माना की न माना, तिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारनंतर सावली असते. समोरासमोर दोन खिडक्या असल्या की पश्चिमेचा वारा वाफ आणि धूर पूर्वेला बाहेर नेतो. जागेअभावी स्वयंपाकघर मागेच घ्यावं लागलं, तर परड्याच्या बाजूला खोल पडवी हवीच. गळतीसाठी आपण गच्चीवर पत्र्याची शेड घालतोच. ती बाजूंनी मोकळी ठेवली तर खालचा स्लॅब सावलीत राहतो आणि मधून वारा खेळतो. शेड नसेल तर उन्हाळ्यापुरता तरी गच्चीला पांढरा चुना द्यावा.

याचा फायदा चातुर्मासातही होतो. पडवीमुळे पश्चिमेची भिंत भिजत नाही, हवा खेळती राहते, म्हणून ओल, बुरशी आणि कीड कमी. आधी ओलं घर बांधायचं आणि मग फवारे मारत जीवहिंसा करायची, यापेक्षा कोरडं घर बांधणं आपल्या धर्माला जास्त धरून आहे.

पडवीला चार फूट जागा जाते आणि हॉल लहान होतो, हे खरं. पण हॉलमध्ये पाहुणे कधीतरी बसतात. स्वयंपाकघरात कुणीतरी रोज उभं असतं, आणि उद्या तिथे आपली सूनही उभी राहणार आहे. म्हणून नकाशावर सही होण्याआधी दिशा बघा, आणि जे पटत नाही ते सासऱ्यांसमोर, दिरांसमोर मोकळेपणाने बोला. भिंत एकदा उभी राहिली की मग फक्त रंगच आपल्या हातात उरतो.