काड्या जोडायच्या कुणी?

गेल्या आठवड्यात एकच व्हिडिओ मला चार जणांनी पाठवला. बायबलमधली भविष्यवाणी पूर्ण होतेय, जगातले सगळे ख्रिस्ती आता एक होणार, आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा. गंमत अशी की पाठवणाऱ्या चौघांपैकी तिघं एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नाहीत.

ऐकीव सांगत नाही. मीही जन्माने ख्रिस्तीच. पावसाळ्यात बोरी परिसरात आमच्या नात्यातली एक म्हातारी वारली. सकाळी नऊला गेली, माती व्हायला दिवस मावळला. कारण काय? म्हातारी जुन्या मंडळीतली, मुलगा नव्या प्रार्थनाघरातला, जावई तिसरीकडचा. मातीची प्रार्थना कुणी करायची, यावर अंगणात वाद! एक पाळक म्हणाले, हिचा बाप्तिस्मा पाणी शिंपडून झालाय, बुडवून नाही, मग मी कसा करू? गावातली मराठ्यांची न् मुसलमानांची पोरं खड्डा खोदून टिकाव-फावडी घेऊन बसली होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, "दादा, तुमचा देव एकच आहे ना?" काय सांगू त्याला?

आता त्या व्हिडिओकडे. त्यातला पुरावा काय, तर २०२५ मध्ये पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या चर्चचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला. अहो, दोन पंचांगं कधी जुळतात, कधी जुळत नाहीत! २०१७ लाही जुळली होती, २०२८ ला पुन्हा जुळतील. हे गणित आहे. दुसरा पुरावा म्हणे यहेज्केल ३७. तो अध्याय नीट वाचा. त्यात संदेष्ट्याला दोन काड्या घ्यायला सांगितलंय, दोघींवर नावं लिहून स्वतःच्या हातात एक करायला सांगितलंय. मुळात ते फुटलेल्या यहूदा आणि इस्राएल या राज्यांबद्दल आहे, तुमच्या-आमच्या चर्चबद्दल नाही. आणि लावायचंच असेल आपल्याला, तर काड्या कुणाच्या हातात दिल्या तेही लावा. माणसाच्या! योहान १७ चंही तसंच. पकडले जाण्याआधी येशूने शिष्य एक असावेत म्हणून प्रार्थना केली. ती मागणी आहे. भविष्य सांगितलेलं नाही तिथं.

ही मागणी ज्यांनी काम म्हणून घेतली, ते आपल्याच मुलखात होऊन गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना एकत्र बसवायचं म्हणून. दोन वर्षांत ते गेले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, प्रेस्बिटेरियन परंपरेची माणसं एका छताखाली आली. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं. तरी अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर पडलेच.

आणि ते ऐक्य कुठं अडलं? जमिनीत. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २०१३ मध्ये कोर्टाने सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त मंडळाची मालमत्ता आपोआप विलीन होत नाही. कोर्ट कायद्याने बरोबरच बोललं. पण त्रेचाळीस वर्षं झाली तरी आपण इमारती कुणाच्या यावरच भांडतोय, हे त्यातून चव्हाट्यावर आलं.

जातीचं तर कुणी काढतच नाही. आपल्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न आधीच्या जातीचा असतो, पंथाचा दुसरा. पिढ्या गेल्या बाप्तिस्मा घेऊन! या भिंतीवर एक व्हिडिओ आला नाही मला अजून. येणारही नाही, कारण त्याला 'आमेन' लिहायला लाज वाटेल.

आमचेच काही वाचक म्हणतील, पत्रकारा, तू आपल्याच लोकांची धुणी बाहेर धुतोस. धुतोच. बातमीच्या कामासाठी कागद चाळताना मला एकाच वस्तीतून दफनभूमीची जागा मागणारे तीन अर्ज दिसले. तीन लेटरहेड, तीन शिक्के, मागणी तीच. ज्याच्या टेबलावर ते पडले होते, तो बाबू हसून म्हणाला, "आधी तुमचं ठरवा." त्याला मी काय उत्तर देणार होतो?

१८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. त्या आठवड्यात मी दफनभूमीच्या मागणीचा एकच अर्ज घेऊन तिन्ही प्रार्थनाघरांच्या दारात उभा राहणार आहे. लेटरहेड कुणाचंच नाही, साधा कोरा कागद. सही करणाऱ्यांची नावं इथंच टाकीन. जे नाही म्हणतील, त्यांचं कारणही विचारून घेईन.