आमवात आहे? मग ‘एक्स-रे नॉर्मल’वर समाधान मानू नका

सांध्यांच्या आजारात फुप्फुसे कशाला तपासायची, असे तुम्ही विचाराल. कारण आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) हा फक्त सांध्यांचा आजार नाही. प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, तशीच काहींच्या फुप्फुसांवरही उलटते. तिथे व्रण पडून फुप्फुसे कडक होतात. या आजाराला ‘आयएलडी’ म्हणतात. पडलेला व्रण पुसता येत नाही, पण वेळीच कळले तर आजाराची वाढ मंदावता येते.

आपल्याकडे, नगर शहर असो वा अकोले, दम लागला की उत्तरे ठरलेली: वय झाले, रक्त कमी आहे, चुलीचा धूर. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की विषय संपला! माझा आक्षेप इथेच आहे. सुरुवातीचा आयएलडी एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही जास्त धोका असलेल्यांसाठी एक्स-रे नव्हे, तर छातीचा एचआरसीटी आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी (पीएफटी) सुचवतात.

जास्त धोका कोणाला?
• स्क्लेरोडर्मा किंवा मायोसायटिस असलेल्यांना
• आमवाताच्या रुग्णांपैकी बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, उतारवयात आजार सुरू झालेल्यांना, आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी खूप वाढलेल्यांना

नुसते गुडघे झिजले असतील, तर यासाठी सीटी नको. कोणी ‘पॅकेज’मध्ये देऊ केला तरी नको.

धोका असेल तर खोकल्याची, दम लागण्याची वाट पाहू नका. पुढच्या भेटीत स्पष्ट विचारा, “डॉक्टर, माझी फुप्फुसे कधी तपासायची?” आणि हे वाचून घाबरून मेथोट्रेक्सेट मनाने बंद करू नका.