गोंडोलाचे तिकीट आणि थांबण्याची किंमत

उन्हाळ्याच्या सुटीत काश्मीरला जावयाचे, हा बेत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत उत्तरपत्रिका तपासून होण्यापूर्वीच शिजू लागतो. शिक्षकाची सुटी ठरलेली, कारकुनाची रजा मंजूर व्हावयाची, मुलांच्या निकालाची तारीख नेमकी मध्ये येणारी. या साऱ्याची मोट बांधून जे सात-आठ दिवस हाती लागतात, त्यांत श्रीनगर, पहलगाम, सोनमर्ग आणि गुलमर्ग बसवावे लागतात. गुलमर्गच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो, आणि त्या दिवसाचे मुख्य प्रयोजन असते ते अफरवट डोंगरावर नेणारा तारेवरचा पाळणा, म्हणजे गोंडोला. केंद्र सरकारी नोकरांना रजा प्रवास सवलतीतून काश्मीरला विमानाने जाण्याची मुभा मिळाल्यापासून या ओघात भर पडली आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन येथे २६ जणांची हत्या झाली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातील होते. त्यानंतर हा ओघ एकाएकी आटला. पुढे तो हळूहळू परतू लागला, कारण मध्यमवर्गाच्या मनात काश्मीरची ओढ भीतीहून जुनी आहे.

सहलीचा बेत हा वरवर पाहता घरगुती विषय आहे. परंतु गोंडोलाच्या तिकिटाचा विचार करू लागले की त्यात सार्वजनिक मक्तेदारी, मर्यादित क्षमता, हंगामी मागणी आणि मनुष्यजीवाची सुरक्षितता हे सारे प्रश्न एकाच रांगेत उभे असलेले दिसतात.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. या रज्जुमार्गाचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, खोऱ्यातील हिंसाचारामुळे ते रखडले, आणि गुलमर्ग ते कोंगदूरी हा पहिला टप्पा १९९८ मध्ये खुला झाला. कोंगदूरीहून अफरवटकडे जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये आला. यंत्रसामग्री फ्रेंच, मालकी सरकारी महामंडळाची. पहिल्या टप्प्याअखेर प्रवासी तीन हजार मीटरच्या वर पोहोचतो, तर दुसऱ्याच्या शेवटी जवळजवळ चार हजार मीटरवर. एका डब्यात सहा माणसे बसतात. दोन्ही टप्प्यांचा मिळून माणशी खर्च दीड हजार रुपयांहून अधिक होतो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला एका दिवसात सहा-सात हजारांची तजवीज करावी लागते. तिकीट आगाऊ आणि संगणकावरून काढावयाचे असते. हंगामात ते अनेक दिवस आधी संपते.

आता थोडे गणित. पहिल्या टप्प्याची वाहतूक-क्षमता ताशी सुमारे ६०० माणसांची सांगितली जाते. दिवसाचे सात तास पाळणा चालला तर ४,२०० माणसे वर जाऊ शकतात. २०२३ साली सुमारे दहा लाख पर्यटकांनी गोंडोलाचा लाभ घेतला आणि महामंडळाचे उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या पुढे गेले. दहा लाखांना ३६५ने भागले तर रोजची सरासरी २,७४०च्या घरात येते. सरासरीकडे पाहून कोणी म्हणेल की क्षमता पुरून उरते, मग तक्रार कशाची? परंतु संख्याशास्त्राचा पहिला धडा गिरवलेला विद्यार्थीही सांगेल की सरासरी खोलीच्या भरवशावर नदी ओलांडू नये. मागणी वर्षभर सारखी वाटलेली नसते. ती मे-जूनमध्ये आणि बर्फाच्या ऐन हंगामात एकवटते. उलट वारा सुटला, वीज कडाडली की पाळणा थांबवावा लागतो, विशेषतः वरचा टप्पा. ज्या दिवशी गर्दी सर्वाधिक, त्याच दिवशी क्षमता शून्यावर येऊ शकते. अशा वस्तूची किंमत कशी ठरवावी, हा अर्थशास्त्रातील जुना आणि अवघड प्रश्न आहे.

दर वाढवा म्हणजे रांग आपोआप आटोपेल, हे उत्तर पुस्तकी दृष्ट्या निर्दोष आहे. त्याचा व्यवहारातील अर्थ मात्र एवढाच, की शाळामास्तर खाली कुरणात उभा राहून वर जाणारे डबे मोजील. दर स्थिर ठेवले तर टंचाई निराळ्या वाटेने वसूल होते: कधी रांगेतील तासांनी, कधी दलालाच्या जादा रकमेने. संगणकावरील आगाऊ नोंदणीने दलालाची सद्दी बरीच कमी होऊ शकते, हे खरे. पण आगाऊ नोंदणीत आणखी एक किंमत दडलेली आहे, आणि तिची चर्चा कोणी करीत नाही. तारीख आधी बांधली जाते; हवामान मात्र कोणाला बांधून घेत नाही. पाळणा बंद राहिल्यास तिकिटाचे पैसे परत मिळाले तरी दिवस परत मिळत नाही. पुढच्या सकाळी पहलगामची गाडी ठरलेली, परवा विमान. मग प्रवासी, सहलीचा व्यवस्थापक, वाटाड्या, हॉटेलवाला, या सर्वांचे डोळे एकाच गोष्टीकडे लागतात: पाळणा केव्हा सुरू होणार?

हा दबाव अदृश्य असतो, पण तो खरा असतो. तारेवरच्या वाहतुकीत सुरक्षिततेचे पहिले साधन म्हणजे वेळेवर थांबणे. २५ जून २०१७ रोजी गुलमर्गला वाऱ्याच्या जोराने एक मोठे झाड उन्मळून रज्जुमार्गावर पडले आणि डबा खाली कोसळला. सात माणसे गेली. त्यांत दिल्लीच्या एका कुटुंबातील चौघे होते आणि तीन स्थानिक माणसेही. शंभराहून अधिक पर्यटक अधांतरी अडकले व त्यांना सोडवावे लागले. १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या गर्दीत, झारखंडमधील देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरील रज्जुमार्ग बिघडला. तिसऱ्या दिवशी सुटका संपेपर्यंत तिघांचा बळी गेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातेत पावागडला सामान वाहणाऱ्या रज्जुमार्गाच्या अपघातात सहा जण मेले.

या सर्वांहून बोलके उदाहरण इटलीचे आहे. २३ मे २०२१ रोजी मोत्तारोने डोंगरावरील रज्जुमार्गाची ओढणारी तार तुटली. अशा वेळी डबा जागीच धरून ठेवण्यासाठी आपत्कालीन ब्रेक असतो. तो तेथेही होता, पण कामाला लागू नये म्हणून पाचर मारून ठेवलेला होता. कारण तो बिघाडामुळे वारंवार लागत होता आणि दर वेळी वाहतूक थांबत होती, असे तपासयंत्रणेने सांगितले. महासाथीच्या दीर्घ बंदीनंतर नुकताच व्यवहार सुरू झालेला होता. चौदा माणसे मृत्युमुखी पडली. वाचला तो पाच वर्षांचा एक मुलगा. युरोपातील एका संपन्न देशात, कडक नियम असताना हे घडले. थांबण्याने होणारा तोटा रोजच्या हिशेबात लगेच दिसतो, न थांबण्याचा धोका मात्र वर्षानुवर्षे कोणत्याच रकान्यात दिसत नाही. मग चालकाच्या मनाचा काटा कोणीकडे झुकेल?

म्हणून गुलमर्गचा बेत आखणाऱ्याने एक गोष्ट आधी ठरवावी. वर जावयाचे असेल तर मुक्कामात एक दिवस मोकळा राखावा, नाहीतर वरचा टप्पा हुकू शकतो हे धरूनच निघावे. तिकिटाची तारीख सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवणे हा शुद्ध जुगार होय. शक्य तर सकाळची वेळ घ्यावी, कारण डोंगरात दुपारनंतर ढग भरून येण्याचा संभव अधिक. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. मुंबईहून काल आलेला साठीचा गृहस्थ आज एका तासात तेथे पोहोचतो. शरीराला सवय व्हावयास वेळ मिळतच नाही. हृदयविकाराच्या वा श्वासाच्या रोग्याने, आणि तान्ह्या मुलांना घेऊन निघालेल्यांनी, कोंगदूरीवर समाधान मानण्यात कमीपणा नाही. जावई-सुनांच्या आग्रहाला बळी पडून ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणत वर जाणाऱ्या ज्येष्ठांची संख्या आपल्याकडे फार आहे.

व्यक्तीने एक दिवस राखावा, हे सांगणे सोपे. एक जादा मुक्काम म्हणजे पुन्हा काही हजार रुपये, आणि मध्यमवर्गाच्या सुटीत तेवढी लवचिकता क्वचितच असते. तेव्हा भार महामंडळानेही उचलावयास हवा. ज्याचा पाळणा हवामानामुळे हुकला, त्याला पुढील दोन-तीन दिवसांत प्राधान्याने जागा मिळेल, अशी काही जागांची राखीव तरतूद रोज करता येईल. त्या जागा कधी रिकाम्या जातील आणि उत्पन्न थोडे घटेल. एक प्रकारचा विमाच तो, आणि शंभर कोटींचा व्यवसाय त्याचा हप्ता सहज भरू शकतो. दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे. गेल्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात कोणता टप्पा किती दिवस बंद राहिला, याचा तक्ता नोंदणीच्या वेळीच ग्राहकासमोर ठेवावा. मग तो डोळे उघडे ठेवून तारीख निवडील, आणि हंगामाच्या शिखरावरची काही गर्दी बाजूच्या आठवड्यांत सरकेल. तपासणीचे अहवालही असेच खुले हवेत. सरकारी मक्तेदारी असल्यामुळे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही. निदान त्याला माल पारखता आला पाहिजे.

गोंडोलाच्या पायथ्याशी घोडेवाले, स्लेज ओढणारे आणि वाटाडे उभे असतात. नवखा प्रवासी त्यांच्या आग्रहाने त्रासतो, आणि त्याचा त्रास खोटा नसतो. पण ज्या डोंगरावरून वर्षाला शंभर कोटी मिळतात, त्याच डोंगरावर या माणसांचे उत्पन्न दिवसाच्या हवेवर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ बर्फाविना कोरडे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फाअभावी तेथील राष्ट्रीय हिवाळी क्रीडास्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा दिवसांत पाळणा चालतो, स्लेज चालत नाही. यंत्राच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा या नोंदणीकृत श्रमिकांच्या विम्यासाठी आणि निवृत्तीसाठी वेगळा काढणे अशक्य नाही.

हा प्रश्न गुलमर्गपुरता राहणारही नाही. २०२२-२३च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ या नावाने रज्जुमार्गांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रज्जुमार्गाला मंजुरी दिली. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठ-नऊ तासांची वाट सुमारे ३६ मिनिटांवर येणार, आणि ताशी एका दिशेने १,८०० माणसे नेण्याची योजना आहे. म्हाताऱ्या-कोताऱ्यांची सोय होईल, यात शंका नाही. पण साडेतीन हजार मीटरवरील ज्या चिंचोळ्या दरीने २०१३चा प्रलय पाहिला, तिच्यात दिवसाला १८,००० माणसे उतरविल्यावर त्यांच्या निवाऱ्याचे, पाण्याचे, मैल्याचे काय, हा हिशेब तिकिटाच्या दरात कोठे बसविला आहे? वैष्णोदेवीच्या मार्गावरील नियोजित रज्जुमार्गाविरुद्ध कटऱ्याच्या घोडेवाल्यांनी, पालखीवाल्यांनी आणि दुकानदारांनी नोव्हेंबर-डिसेंबर २०२४ मध्ये बंद पुकारला, तेव्हा प्रशासनाला चर्चेसाठी समिती नेमावी लागली. केदारनाथच्या वाटेवर आजही हजारो खेचरे चालतात. त्यांच्या मालकांशी बोलणे खांब रोवण्याआधी व्हावयाचे की नंतर, हे अजून ठरवता येण्यासारखे आहे.