आडोसा गाडीच्या काचेला, कामगाराचा डोळा उघडाच!

वादळात झाड पडले की बातमी होते. झाड तोडले की आंदोलन होते. पण झाड गेल्यावर जमिनीत उरलेला बुडखा कोण काढतो, कसा काढतो आणि काढताना त्याच्या डोळ्यांची काय गत होते, हे विचारायला कोणी येत नाही. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

पूर्वी बुडखा कुऱ्हाड, पहार आणि घाम यांनी निघत असे. मग जेसीबी आला. आता स्टंप ग्राइंडर नावाचे यंत्र आपल्या बाजारातही मिळू लागले आहे. एक जड पोलादी चाक आणि त्याच्या कडेला कार्बाइडचे कठीण दात. वेगाने फिरणारे हे चाक बुडख्यावरून डावीकडे-उजवीकडे फिरवले की लाकडाच्या ढलप्या होतात आणि बुडखा जमिनीच्या खालपर्यंत किसला जातो. कामगाराची पाठ वाचवणाऱ्या या यंत्राला आमचा विरोध नाही. पण लाकूड कोणते आणि दगड कोणता, हे त्या दातांना कळत नाही. शहरातल्या झाडाच्या मुळांत खडी, विटांचे तुकडे, फुटलेल्या बाटल्या अडकलेल्या असतात. खोडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि तारा रुतलेल्या असतात. यातले काहीही दाताला लागले की बंदुकीतून सुटावे तसे सुटते.

यंत्राला रबरी पट्ट्यांचा पडदा असतो. पण यंत्र हलते तेव्हा पट्ट्या उचलल्या जातात, जुन्या झाल्या की फाटतात. म्हणून बुडख्याभोवती उचलून नेता येईल असा आडोसा लावावा लागतो. हा आडोसा कशाचा असावा? बांधकामावर दिसते ती हिरवी जाळी ऊन अडवते, खडा अडवत नाही. अॅक्रिलिकचा पत्रा आघाताने तडकतो. पॉलिकार्बोनेटचा पत्रा आघात सोसतो आणि त्यातून पलीकडचे दिसतेही. प्लायवूड स्वस्त आणि मजबूत. आठ बाय चारचा एक ताव मधोमध कापला तर चार फूट उंचीच्या दोन फळ्या होतात. त्यांना बिजागऱ्या लावल्या की आडोसा घडी करून टेम्पोत टाकता येतो. पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या तर वाऱ्याने पडत नाही. बरेचसे खडे जमिनीलगत सुटतात, म्हणून खालची फट जुन्या कन्व्हेयर पट्ट्याच्या रबराने बंद करावी. वजन दोघांना उचलता येईल इतकेच असावे, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तो गोदामात पडून राहतो. यात अवघड काय आहे? वस्तीतला सुतारही हे करून देईल.

अवघड आहे तो पुढचा प्रश्न. हा आडोसा कोणासाठी? शेजारच्या गाडीची काच फुटली तर मालक भरपाई मागतो. दुकानाची काच फुटली तर पोलीस येतात. म्हणून कंत्राटदार आडोसा लावलाच तर काचेच्या बाजूने लावतो. कामगार मात्र आडोशाच्या आत, यंत्राजवळ उभा असतो. फळी फार जवळ लावली तर तिच्यावर आपटलेला खडा उलटून त्याच्याच अंगावर येतो. तेव्हा आडोसा पुरेशा अंतरावर हवा आणि आतल्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा, तोंडावर जाळीचे किंवा पारदर्शक कवच, कानांवर आवाज अडवणारी साधने आणि पायांत बूट हवेत. बाहेरच्यांना आडोसा आणि आतल्याला काहीच नाही, याला सुरक्षा म्हणत नाहीत. ही कामे करणारी माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

कायद्याला हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३५ मध्ये, कामातून उडणाऱ्या तुकड्यांनी डोळ्याला इजा होण्याची शक्यता असेल तिथे परिणामकारक पडदे किंवा योग्य चष्मे देण्याचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. पण तो कारखान्यापुरता. फुटपाथ म्हणजे कारखाना नव्हे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. तिची सर्वसाधारण अट दहा कामगारांची. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठीची मर्यादा तर वीसवरून पन्नासवर नेली गेली. बुडखा काढणारी टोळी चार-पाच जणांची. म्हणजे ती कुठे बसणार?

आणि डोळा गेला तर? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गमावणे म्हणजे ४० टक्के कमाईक्षमता गमावणे, असा हिशेब मांडला. डोळा जागेवर राहून नुसती दृष्टी गेली तर ३० टक्के. मजुरीची पावती नसलेल्या माणसाला हे टक्केही सिद्ध करता करता वर्षे लागतात. भरपाईच्या खटल्यापेक्षा प्लायवूडची फळी केव्हाही स्वस्त!

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारहिताला कायद्याचा आधार दिला, मालकाच्या दयेवर ते सोडले नाही. संविधानाचा अनुच्छेद ४२ कामाची न्याय्य आणि मानवी परिस्थिती निर्माण करण्यास सांगतो. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस प्रकरणात सांगितले. ही भूमी कायद्याच्या पायाखाली आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिका आणि नगरपालिकांनी झाडकामाच्या निविदेत आडोसा, चष्मा आणि कवच यांची स्वतंत्र बाब व रक्कम दाखवावी, म्हणजे कंत्राटदाराला त्यात काटकसर करता येणार नाही. आडोसा उभा राहिल्याशिवाय यंत्र सुरू होऊ नये आणि तपासणीशिवाय बिल निघू नये. जिवाला धोका असलेल्या कामात एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याची वाट सरकारने कायद्यात ठेवली आहे. ती वाट झाडकामासाठी उघडावी. आणि कार्यकर्त्यांनो, आपल्या वॉर्डात असे काम दिसले तर थांबा आणि विचारा : आतल्या माणसाच्या डोळ्यांवर काय आहे? उत्तर मिळाले नाही तर वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी तक्रारीला इथे डोळेही नसतात आणि कानही!