ओलं धान्य आणि रंगवलेली भिंत

मुलगा पुण्यात नोकरीला लागला, की मुरुमच्या घराघरांत एकच विषय निघतो: शहरात आपला एक फ्लॅट असावा. नवा परवडत नाही. मग कुणीतरी मोबाईलवर जाहिरात दाखवतं: कोंढव्यात दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, संपूर्ण रिनोव्हेशन केलेला, मशीद, शाळा, बाजार जवळ, फॅमिली एरिया. फोटोत नव्या टाइल्स चमकतात, पीओपीच्या छतातले दिवे लखलखतात. अम्मीला घर पसंत पडतं, सूनबाईला स्वयंपाकघर. मुलांना शाळा जवळ असावी, शेजार ओळखीचा असावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण रंगाखाली काय आहे, हे फोटोत दिसत नाही.

हदीसमधला एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. प्रेषित (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसानं भिजलं, असं विक्रेत्यानं सांगितलं. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, हेही सुनावलं. मुरुमच्या बाजार समितीत तूर घालणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

देशाचा कायदाही हेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं सापडणार नाही, तो उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. यातले ‘साध्या काळजीनं’ हे शब्द महत्त्वाचे. पाहिलं असतं तर दिसलं असतं, अशा दोषासाठी नंतर भांडता येणं अवघड. २०१६ च्या रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा आहे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीतलं घर रंगवून विकणाऱ्या मालकाला ती तरतूद लागू होत नाही. म्हणून ढिगात हात आपणच घालायचा.

तो कसा? घर शक्यतो पावसाळ्यात पाहावं. संडास-बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर तळहात ठेवून ओल बघावी. टाइल्सवर नाणं वाजवावं. पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटलेला असतो. पीओपीच्या छतातला एखादा दिवा उतरवून वरचा स्लॅब पाहावा. पाणी किती वेळ येतं, टँकर किती लागतात, हे मालकापेक्षा वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावं.

हॉल फार ऐसपैस वाटला तर मंजूर नकाशा मागून घ्यावा आणि इंजिनिअरला दाखवावा. भिंत पाडली का? कॉलम-बीमला धक्का लागला का? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिलेल्या आपल्या उमरगा-लोहारा भागाला भिंतीची किंमत कुणी शिकवायला नको. इमारत तीस वर्षांपुढची असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून मागावा.

कागदांचंही तसंच. इंडेक्स टू, आधीचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, हे सगळं वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्यावं. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. ‘डोनेशन’च्या नावाखाली लाख मागितले, तर पावती आणि नियम दोन्ही मागावेत. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली, तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर तिच्या हक्काचं होतं आणि पैसेही वाचतात.

हे वाचणाऱ्यांत उद्या घर विकणारेही असतील. त्यांना आम्ही एकच सुचवू: दुरुस्तीआधीचे फोटो जपून ठेवा. गळती कुठे होती, पाइप कुठले बदलले, काय राहून गेलं, हे एका कागदावर लिहून, सही करून घेणाऱ्याच्या हातात द्या. किंमत कदाचित थोडी कमी येईल. पण घेणारा आयुष्यभराची पुंजी, कधी गावाकडचं शेत विकून आलेली रक्कम, तुमच्या शब्दावर ठेवत असतो.

आणि घेणाऱ्यानं टोकन देण्याआधी एवढं नक्की विचारावं: ‘भाईजान, रंग देण्याआधी ही भिंत कशी होती?’ उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, तेही पाहावं.